उपाशी फ्लॉपी

माझी शाळा चौथीपर्यंत. पण संगमनेरातल्या माझ्या वर्कशॉपात गिअरचे दाते पाडायचं मशीन आहे, आणि ते चालवणारा जुना कॉम्प्युटर माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. हे मी छाती ठोकून सांगतो.

यंदाच्या उन्हाळ्यात शेवगावच्या एका रसवंतीवाल्याचा गिअर मोडला. सव्वीस दात्यांचा. आमच्या प्रोग्रामात सव्वीस बसेनात. प्रोग्राम बदलायचा तर लिहिलेलं मशीनच्या भाषेत करून देणारा कंपायलर लागतो. आमच्या कंपायलरच्या फ्लॉपीला बुरशी लागलेली. मुलगा म्हणाला, "अण्णा, आता पुरे. शनिवारी भंगारवाल्याचा टेम्पो येतोय."

"मग आधी मला घाल त्यात."

सूनबाई कॉम्प्युटर इंजिनिअर. म्हणाली, "अण्णा, मी लॅपटॉपवर करून देते ना."

"न्हाई. दर गिअरला तुझी वाट बघत बसू काय? कंपायलर हितंच बसव, माझ्या मशिनीत."

तीही इरेला पेटली. तिनं आजकालचा कंपायलर आणला, तर तो आमच्या जुन्या डिस्कमध्ये मावेना. नको ते सगळं तिनं छाटलं. मग तो अडून बसला. ह्या सिस्टीममध्ये हे नाही, ते नाही! जे नव्हतं ते तिनं स्वतः लिहून दिलं. तीन दिवस गेले. शनिवारी सकाळी कंपायलर एकदाचा सुरू झाला, आणि लगेच स्क्रीनवर आलं: मेमरी अपुरी.

"हरले, अण्णा," ती म्हणाली. "ह्या कॉम्प्युटरचं पोट आधीच भरलेलं असतं. उठल्या उठल्या माउस, प्रिंटर, काय काय गिळून बसतो."

मी ताडकन उठलो. पोट भरलेलं! अहो, मशीन बसवणाऱ्या इंजिनिअरनं जाताना मला एक फ्लॉपी दिली होती. ती घालून चालू केला की कॉम्प्युटर काहीच न गिळता उठतो. मीच तिच्यावर 'उपाशी' असं लिहिलं होतं. बिस्किटाच्या डब्यातून ती काढली, घातली, बटण दाबलं.

"अण्णा, तीन दिवस ही कुठं होती?"

"डब्यात. तू इचारलंस कुठं?"

खरं म्हणजे माझ्याच ध्यानात नव्हतं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

सव्वीस आकडा मी माझ्या बोटानं दाबला. कंपायलर घुटमळला. एक ओळ आली, दुसरी आली, आणि झालं! सूनबाईनं टाळीच वाजवली. मशीननं पहिला दाता पाडला तेव्हा लोखंडाचा तो करकर आवाज मला सनईसारखा वाटला.

शेवटचा दाता पडत होता तेवढ्यात दारात हॉर्न वाजला. मुलगा कधी मशीनकडे बघे, कधी माझ्याकडे.

"अण्णा, टेम्पोवाल्याला काय सांगू?"

"चहा पी म्हणावं. अन् जाताना हा गिअर शेवगावला टाक म्हणावं. रसवंती बंद पडलीय."

गिअर अजून गरम होता. मुलानं तो फडक्यात गुंडाळला आणि स्वतःच टेम्पोकडे घेऊन गेला.