एक्तोरचा को-ट्रेनर

कोल्हापूर सोडलं त्या दुपारी आमच्या पेठेच्या फुटबॉल संघाचा उपांत्य सामना होता. नऊ वर्षं मी त्या संघात मधल्या फळीत खेळलो होतो आणि त्या दिवशी माझी जर्सी दुसऱ्याच्या अंगावर होती. मुंबईला जाणारी गाडी दाराशी उभी होती. मागच्या सीटवर माझी बायको अनुजा पासपोर्ट-व्हिसाची फाइल मांडीवर घेऊन बसली होती. आई चटणीचा डबा तिसऱ्यांदा प्लास्टिकात गुंडाळत होती. आबांनी, माझ्या वडिलांनी, मात्र पायांत चपला सरकवल्या आणि ते मैदानाकडं निघाले. एके काळी ते पेठेचे गोलकीपर होते. घरातलं लग्न चुकवतील, पण सेमीफायनल चुकवणार नाहीत. जाता जाता म्हणाले, "जातोयस तर जा. पण तिकडं कुणाच्या तरी मागनं चालायला लागंल, आणि त्ये तुला जमायचं न्हाई."

मी पाया पडायला वाकलो तोवर ते दोन पायऱ्या उतरूनही गेले होते. गाडी स्टेडियमच्या भिंतीला वळसा घालून निघाली तेव्हा आत एकदम गलका उठला. कुणीतरी गोल केला होता. कुणी केला, ते मला विमानतळावर पोचल्यावर कळलं.

अनुजाला जर्मनीत एर्लांगेनला वैद्यकीय यंत्रांच्या कंपनीत नोकरी लागली होती. मी तिच्यासोबत आलेला नवरा. पहिल्याच महिन्यात परदेशी लोकांच्या कचेरीत, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डंमध्ये, एक फॉर्म भरायला लागला. व्यवसायाच्या रकान्यात मी 'फुटबॉलपटू' असं लिहिलं. खिडकीमागच्या बाईंनी माझ्याकडं पाहिलं, हसल्या, तो शब्द अगदी हळुवार खोडला आणि वर लिहिलं, 'हाउसमान'. घर सांभाळणारा पुरुष. बाई चांगल्या होत्या. तरी मला त्यांचं ते हसू अजून आठवतं.

तुम्ही जे तिथं राहिलात, तुम्हाला ही गोष्ट समजणार नाही. पेठेत मी चहाला थांबलो तर चार जण पैसे द्यायला पुढं यायचे आणि सामना हरलो तर तेच चार जण तोंडावर शिव्या द्यायचे. इथं सायकलवरून बर्फात आपटलो, तर लोक उठवायचे, "आलेस गुट?", म्हणजे सगळं ठीक ना, विचारायचे आणि निघून जायचे. आणि तुम्ही जे माझ्यासारखे आलात, तुम्हाला हे सांगायलाच नको.

जर्मन शिकलो. शाळा सुटल्यावर मुलं जिथं थांबतात अशा एका होर्टमध्ये मुलं सांभाळायची नोकरी धरली. ईराचा, आमच्या मुलीचा, जन्म झाला. गावाबाहेरच्या एका फुटबॉल क्लबात, फेराइनमध्ये, गेलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "इंडियन ना? मग क्रिकेट नाही का खेळत?" तरी खेळायला घेतलं. दोन वर्षांनी प्रशिक्षकाची परीक्षा दिली, मग तिच्या वरची दिली आणि त्याच सुमाराला आमच्या फेराइनमध्ये एक्तोर आला.

एक्तोर अर्जेंटिनाचा. एका मोठ्या नदीकाठच्या, कत्तलखान्याच्या गावात वाढलेला. एकोणिसाव्या वर्षी राजधानीतल्या क्लबात, चोविसाव्या वर्षी जर्मनीत दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. चौथ्या हंगामात गुडघा गेला, करार संपला, आणि ज्या माणसाचे फोटो लोक खिडकीत लावायचे तो बाजारात भाजीच्या पेट्या उतरवायला लागला. पण नेटानं प्रशिक्षक झाला. पुढच्या पंचवीस वर्षांत तीन छोट्या देशांच्या राष्ट्रीय संघांना त्यानं शिकवलं आणि तिन्ही देशांनी त्याला काढून टाकलं. तीन परक्या देशांची राष्ट्रगीतं त्याला पाठ होती. बासष्टाव्या वर्षी, घटस्फोट घेऊन, न्यूरेंबर्गच्या एका दोन खोल्यांच्या घरात तो परतला होता, आणि आमच्या फेराइनला तो परवडला याचं कारण एवढंच की त्याला दुसरीकडून कुणी बोलावलं नव्हतं.

मी त्याचा को-ट्रेनर, म्हणजे सहायक प्रशिक्षक, झालो. त्याच्या तोंडी 'ज'चा 'ह' व्हायचा, म्हणून रणजितचा मी रणहित झालो. दोघांचीही जर्मन मोडकी, फक्त मोडण्याच्या जागा वेगळ्या. पण खेळावर बोलायला लागलो की कुणी कुठं अडायचं नाही. त्याच्या देशातल्या कसल्याशा पाल्याचा कडवट काढा एका भोपळ्याच्या भांड्यातून नळीनं ओढत तो मला सांगायचा, "चेंडूकडं सगळे बघतात, रणहित. तू चेंडू सोडून बघ." मी जे काही शिकलो ते त्या चार वर्षांत. हे मी रागातही नाकारणार नाही.

मीही त्याला काही दिलं. आबांचा एक कॉर्नर होता. आमची सगळी माणसं समोरच्या गोलकीपरला खेटून उभी राहायची आणि चेंडू मारायच्या क्षणी चौघं चार दिशांना बाहेर पळायची. बचाव करणारे त्यांच्यामागं धावायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत मागून एकटा माणूस यायचा. गोलकीपरला कशाची भीती वाटते ते गोलकीपरच जाणतो, असं आबा म्हणायचे. मी तो कागदावर काढून दाखवला. एक्तोरनं कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "कुणाचं डोकं हे?"

"माझ्या वडिलांचं."

"त्यांना माझा सलाम सांग." मी फोनवर सांगितला. आबा म्हणाले, "अर्जेंटिनाचा हाय न्हवं? मग कळंल त्याला." एवढं खूश झालेलं मी त्यांना क्वचितच ऐकलं असेल.

मग एक्तोरला चौथ्या देशाचं बोलावणं आलं. देशाचं नाव सांगत नाही. छोटा देश, पण राष्ट्रीय संघ तो राष्ट्रीय संघ. एक्तोरनं सराव संपल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवला. "डू कोम्स्ट मिट. तू माझ्याबरोबर येतोयस." त्यांची माणसं म्युनिकला येणार होती. संघाचा दोन वर्षांचा आराखडा आम्ही त्यांच्यापुढं मांडायचा होता. एक्तोरला कॉम्प्युटर जमत नसे, तेव्हा आराखडा मीच केला. त्यांचे जुने तीस सामने पुन्हा पुन्हा पाहिले. कॉर्नरच्या पानावर मथळा दिला, 'आबा'.

त्याच आठवड्यात माझ्या बहिणीचा फोन आला. "दादा, आबांना दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टर म्हणतात, यायचं तर आत्ताच ये."

अनुजा तिकिटं बघायला लागलीसुद्धा. म्हणाली, "अरे, तू जा. प्रेझेंटेशन एक्तोर करेल."

"त्याला फाइलसुद्धा उघडता येत नाही गं. गुरुवारी एकदा हे होऊ दे, शुक्रवारी निघतो."

"रणजित, गुरुवारपर्यंत थांबायचं की नाही हे तू नाही ठरवू शकत."

मी ठरवलं. बुधवारी सकाळी बहिणीनं पुन्हा फोन केला. शेवटी शेवटी आबा शुद्धीत नव्हते, पण मध्येच डोळे उघडून विचारत होते, "मॅच संपली काय रं?" त्यांना कुठली मॅच दिसत होती देव जाणे. अग्नी चुलतभावानं दिला. ईरा पाच वर्षांची होती. माझ्या गुडघ्याशी येऊन तिनं विचारलं, "पापा, इस्ट ओपा टोट?" आजोबा गेले का? तिनं मराठीत विचारलं असतं तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. जर्मनमध्ये मी म्हणालो, "या." हो.

आणि गुरुवारी मी म्युनिकला गेलो. हे मी लपवत नाही. आता निघालो तरी काही उरलं नाही, असं स्वतःला सांगितलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि दोन तास बोललो. ते लोक खूश झाले. शुक्रवारी विमान पकडलं. दहा दिवस कोल्हापुरात होतो. आई भांडली नाही, रडली नाही, जेवायला वाढत राहिली. एकदाच म्हणाली, "काम झालं न्हवं तुझं? मग बरं."

परत आलो तर एक्तोरनं न्यूरेंबर्ग स्टेशनवरच्या एका बेकरीत बोलावलं. भोपळ्याचं भांडं नव्हतं, साधी कॉफी होती. म्हणाला, "त्यांना युरोपातला सहायक हवाय."

"मी युरोपातूनच येतोय. लायसन्स इथलंच आहे."

"गेनाऊ, बरोबर. लायसन्स इथलं आहे. पण फोटोत तू इंडियन दिसतोस, रणहित. ते विचारत होते, इंडियाचा संघ क्रमवारीत कुठं आहे? मग आम्ही त्यांच्या माणसाकडून काय शिकायचं?"

"तू काय सांगितलंस?"

"काही नाही. काय सांगणार? मी बासष्ट वर्षांचा होतो तेव्हा इथं आलो. आता सहासष्ट. ही माझी शेवटची गाडी आहे."

त्यानं एका तरुण जर्मन मुलाला नेलं. त्या मुलानं माझी फाइल वापरली. सहा महिन्यांनी मी त्यांचा एक सामना लॅपटॉपवर पाहिला. कॉर्नर मिळाला, चौघं चार दिशांना पळाले, मागून एकटा माणूस आला आणि चेंडू जाळ्यात. बातमीदारानं विचारल्यावर एक्तोर हसून म्हणाला, "हा आमच्या गावाकडचा जुना खेळ आहे." अनुजा माझ्या मागं उभी होती. तिनं लॅपटॉप मिटला. मला ओरडावंसं वाटत होतं. पण कुणापुढं ओरडणार? ज्यांचा तो कॉर्नर होता ते ऐकायला नव्हते, आणि ते का नव्हते याच्यापेक्षा मी त्यांच्यापाशी का नव्हतो हेच जास्त टोचत होतं.

दीड वर्षात चौथ्या देशानंही एक्तोरला काढलं. मधल्या काळात आमच्या संघाला दोन ट्रेनर येऊन गेले आणि पुन्हा जागा रिकामी झाली. एक्तोरनं फोन केला. आवाज बारीक झाला होता. "रणहित, मी परत आलोय. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू रागावला असशील. पण फोरश्टांडजवळ एक शब्द टाक. मला काम नसेल तर मी या खोलीत मरेन."

फोरश्टांड म्हणजे क्लबची कार्यकारिणी. त्यांच्या बैठकीत अध्यक्षांनी मला सरळच विचारलं, "आल्झो, तर मग, तुम्ही त्याला सगळ्यांत जवळून ओळखता. घ्यायचं का त्याला? नाहीतर मग तुम्ही आहातच."

मला वाईट काही बोलायचं नव्हतं आणि मी वाईट काही बोललो नाही. मी म्हणालो, "तो आता थकलाय." वाक्य खोटं नव्हतं. अध्यक्षांनी मान हलवली, आणि दुसऱ्या मुद्द्याकडं वळले. पुढच्या हंगामाचा ट्रेनर मी झालो.

एक्तोर बहिणीकडं अर्जेंटिनाला परत जायला निघाला. चाळीसहून जास्त वर्षांनी, कायमचा. विमानतळावर सोडायला त्याला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून रविवारी सकाळी मी गाडी काढली. दोन बॅगा आणि एक खोकं, एवढंच सामान. वाटेत तो म्हणाला, बहिणीनं खोली रंगवून ठेवली आहे, पण मागच्या खेपेला गेलो तेव्हा गावातल्या दुकानदारानं विचारलं, तुम्ही कुठल्या देशाचे? विमानतळाच्या दारापाशी त्यानं मला मिठी मारली. "तू माझ्यासाठी बोललास, मला ठाऊक आहे. मी तुझ्यासाठी बोललो नव्हतो. तरी तू बोललास. ते लोक ऐकत नाहीत, त्याला तू काय करणार?"

मी म्हणालो, "हो."

एवढंच. खरं सांगता आलं असतं. तो आत गेला, वळून हात केला, आणि मी गाडीत येऊन बसलो. परदेशात आपलं कुणी नाही, आपल्या बाजूनं बोलणारं कुणी नाही, असं मी इतकी वर्षं म्हणत आलो. पेठेत आबा बोलायचे. कुणी मला नावं ठेवली की त्याच्याशी भांडून यायचे आणि घरी आल्यावर मलाच फैलावर घ्यायचे. मला तेच घर वाटायचं. इथं एका माणसाला तेवढंच हवं होतं, एक शब्द, आणि तो माझ्याकडं मागितला होता.

अकरा वाजता सामना होता. आम्ही तीन-शून्यनं जिंकलो. पोरांनी मला उचलून घेतलं, अध्यक्षांनी हात मिळवला, पहिल्यांदाच माझं नाव नीट उच्चारलं. मैदान रिकामं झाल्यावर मी आईला फोन लावला आणि निकाल सांगितला.

"जिंकलास? लई झ्याक झालं," आई म्हणाली. "आता घरी कधी येतोस?"

"आई, घरीच आहे की," मी म्हणून गेलो.

"मग बरं," आई म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.