अप्पांच्या सायकलीचा शॉकअप

उदगीरहून अक्कांचा फोन आला तेव्हा मी चाकूरच्या घरी चहा घेत होतो. "सर, अप्पा गेले. झोपेतच..." एवढंच त्या बोलल्या. शिवलिंगअप्पा म्हणजे अक्कांचे यजमान, उदगीरचे कापड दुकानदार आणि माझे सायकलीवरचे सोबती. मातीला गेलो तर कुणीतरी कुजबुजलं, या वयात सायकल भोवली. मला संताप आला. त्या सायकलीनं माणूस ताठ ठेवला होता.

दुष्काळाचं साल आठवतं. टँकरनी रस्ता उखडलेला, रुंदीकरण पाण्यावाचून अडलेलं. उदगीर वेगळा जिल्हा व्हावा म्हणून लातूरला सायकलींवरून निवेदन न्यायचं ठरलं आणि अप्पांना त्यात जायचंच होतं. पण दुकानाच्या पायरीवर पडून मोडलेलं त्यांचं उजवं मनगट नुकतंच प्लास्टरमधून सुटलं होतं. बारीक टायरच्या, वाकड्या हँडलच्या त्या सायकलीवर रस्त्यातला खडा न् खडा मनगटात जायचा. डॉक्टर म्हणाले, सायकल सोडा. अप्पांनी डॉक्टर सोडला, आणि पुढचं चाक धरणारा साधा चिमटा काढून स्प्रिंगचा, शॉकअपवाला बसवून आणला.

मी कडाडून विरोध केला. डांबरी रस्त्यावर पळणाऱ्या सायकलीला शॉकअप म्हणजे नवरदेवाला गमबूट. वजन वाढतं, ब्रेक दाबला की तोंड खाली जातं, चढावर उभं राहून पॅडल मारावं तर जोर स्प्रिंगच खाते. त्यापेक्षा टायर जरा रुंद घाला, हवा थोडी कमी ठेवा, असं माझं म्हणणं. अप्पांनी वाद घातला नाही. चाकूरबाहेरच्या उखडलेल्या तुकड्यावर त्यांनी माझ्याशी सायकल बदलली. चढावर मी खरा ठरलो, चांगलाच दमलो. बारीक खडखडीला माझ्या सायकलीच्या टायरची कमी हवाही पुरली असती. पण मोठ्या खड्ड्यात चाक आपटलं आणि माझ्या हाताला पत्ताच नाही. गिट्टीच्या वळणावरही पुढचं चाक जमीन धरून राहिलं. मागून अप्पा माझ्या सायकलीवर दात आवळून, उजवा हात अलगद टेकवून येत होते.

"हात दुखला की माणूस हँडल ढिलं धरतंय, सर. मग वळवणार कसं?"

धडधाकट मनगटाला, चांगल्या रस्त्यावर शॉकअप ओझंच, हे मी आजही ठासून सांगतो. अप्पांची गोष्ट निराळी होती. लातूरच्या वाटेवर ते चढाला मागं पडले, उताराला पुन्हा पुढं आले आणि आमच्याबरोबरच पोचले. जिल्हा काही झाला नाही. अप्पा मात्र पुढं कैक वर्षं दर रविवारी चाकूरला येत राहिले आणि दारातूनच विचारायचे, जिल्हा झाला का हो?

परवा अक्कांनी अप्पांची सायकल न्यायला बोलावलं, म्हणून उदगीरला गेलो. रस्ता आता सिमेंटचा, गुळगुळीत. अप्पांचा मुलगा म्हणाला, शॉकअप काढून टाकू, सायकल हलकी होईल. एरवी मीही तेच म्हणालो असतो. अक्का म्हणाल्या, "जशी हाय तशीच न्या, सर. हितं कोण चालवायलंय आता." मी हँडल धरलं... त्याला गुंडाळलेली डावीकडची पट्टी हाताच्या पकडीनं झिजून गुळगुळीत झाली होती. उजवीकडची, मोडलेल्या मनगटाच्या बाजूचीही तितकीच.