जहाजावरून उतरवलेलं नाव

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. घरात कुणालाच ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतेय? — तेही नीट कळत नाही.

हैदराबादला काचीगुड्यातल्या एका ऑफिसात मी लोकांच्या मालासाठी जहाजांवर जागा बुक करते. या धंद्यात करार म्हणजे — कसं सांगू? भाव बांधलेला असतो, शब्द नाही. बाजार चढला की जहाज कंपनी करारवाल्याचा कंटेनर बंदरातच ठेवते आणि जास्त पैसे देणाऱ्याचा चढवते. बाजार पडला की मालवाला करार विसरून दुसरी कंपनी गाठतो. दंड कुणालाच नाही. म्हणूनच ‘जहाजवाल्यांनी माल मागे ठेवला’ हे वाक्य सहसा कुणी तपासत नाही. मला ते फार उपयोगी पडलं.

विद्यानगरचे मिलिंदभाऊ मूळचे नांदेडकडचे. नोकरी सोडून त्यांनी आणि वहिनींनी अंबाडीच्या लोणच्याचा धंदा मांडला. अमेरिकेतला एक दुकानदार उगादीसाठी, म्हणजे तिकडच्या तेलुगू लोकांच्या पाडव्यासाठी, अख्खा कंटेनर घेणार होता. करार त्यांना मीच समजावला. वर्षभर भावाला कुणी हात लावणार नाही, मी म्हणाले — मोठ्या तोऱ्यात.

कोरोनानंतरचे ते दिवस. कंटेनर मिळेनात, भाव गगनाला भिडलेले. मिलिंदभाऊंचा माल ज्या जहाजावर जायचा होता ते भरलेलं, आणि एका औषध कंपनीला त्याच जहाजावर जागा हवी होती. नाही दिली तर ती समोरच्या ऑफिसात जाणार. साहेब एवढंच म्हणाले, “देख लो तुम.” कुणाचं नाव काढायचं ते त्यांनी सांगितलं नाही. ते मी ठरवलं.

त्या जहाजावर आमच्यातर्फे माल जाणाऱ्यांच्या यादीत सात नावं होती. मग मिलिंदभाऊच का? — बाकीचे सहाजण येऊन टेबल डोक्यावर घेतील, याची मला खात्री होती. मिलिंदभाऊ मला ताई म्हणायचे. ते ओरडणार नाहीत, एवढंच मी पाहिलं. नीचपणाच तो, दुसरा शब्द नाही.

त्यांचं बुकिंग मी रद्द केलं आणि फोनवर सांगितलं, जहाजवाल्यांनी माल मागे ठेवला. पुढची जागा महिन्याने मिळाली. माल पोचेपर्यंत उगादी होऊन गेली होती.

दुकानदाराने तिकडे चौकशी केली, तर जहाज कंपनीने कळवलं — बुकिंग हैदराबादहूनच रद्द झालंय. मिलिंदभाऊंनी आपली जागा विकून खाल्ली, असं त्याला वाटलं. त्याने त्यांना खोटारडा ठरवलं आणि माल नाकारला.

मिलिंदभाऊ तो मेल छापून घेऊन माझ्याकडे आले. सापडले मी, वाटलं.

“ताई, देखो ना, कैसा झूठ लिख रैं ये लोगां! म्हणे आपल्याकडूनच रद्द झालं. तुम्ही किती फोन केले माझ्यासाठी!”

तेव्हा तरी बोलायला काय झालं होतं? जीभ झडली होती? मी मान डोलावली. वर ऑफिसच्या लेटरहेडवर तेच खोटं टाइप केलं, सही केली आणि कागद त्यांच्या हातात दिला.

दुकानदाराने तो कागद मानला नाही. धंदा बसला. मिलिंदभाऊ आता नारायणगुड्यात एका औषधांच्या दुकानात काउंटरवर उभे असतात.

परवा एका लग्नात भेटले. आपल्या व्याह्यांना हाताला धरून माझ्याकडे घेऊन आले. म्हणाले, “जहाजवाल्यांनी आम्हाला बुडवलं, पण या ताई शेवटपर्यंत आमच्या बाजूने उभ्या राहिल्या.”

व्याह्यांनी हात जोडले. मीही जोडले.