सुतळीचं दुसरं टोक

रविवारची दुपार. जेवून कुमुद चटईवर आडवी होते, आणि डोळा लागतोय तोच सकाळचं मैदान पुन्हा समोर येतं. खो-खो मंडळात नव्यानं मदतीला आलेल्या रेश्मा मुल्लानं चुन्याच्या फक्कीची रेघ मारली, ती झाली नागमोडी. कुमुदनं तोंडानं काही सांगितलं नाही, सरळ चपलेनं पुसून टाकली. रेश्माची लेक खेळणाऱ्या पोरींत उभी राहून बघत होती. रेश्मानं घमेलं खाली ठेवलं आणि लेकीला घेऊन निघून गेली. एवढी वर्षं मैदान सांभाळून आपल्याला इतकीही अक्कल नसावी?

"कुमे, सरक जरा."

भूपालआण्णा. त्यांना जाऊन चार वर्षं झाली, पण भुवयांवर अजून गिरणीचं पीठ आहे. कुमुदची चटई त्यांच्या गिरणीच्या दारातच पसरली आहे आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही. याच माणसानं तिला मंडळात आणलं, हाताला धरून शिकवलं.

"पोरं आली का, आण्णा?"

"पोरं येत्यात गं. मोठी माणसं कुठं गेली?"

कुमुद मान खाली घालते. जो मदतीला येतो तो महिनाभरात पळतो. "मला कुणाचं काम पटत न्हाई, आण्णा."

जात्याच्या मागे मैदान आहे. खांबापाशी जमिनीत एक खिळा, त्याला रेघ आखायची सुतळी बांधलेली.

"हे काय?"

"टोक धरायला. त्यासाठी माणूस कशाला अडकवायचा?"

"माझ्या जागी खिळा व्हय?" आण्णा उकिडवे बसतात, खिळा बोटानं हलवतात. तो लटलट हलतो. "सुतळी सैल पडली, हे त्याला कळतंय का? त्या बिचारीची रेघ वाकडी न्हाई जाणार तर काय?"

आण्णांच्या आवाजात राग नाही, तेच कुमुदला सोसत नाही. टोक धरून बसलेल्या माणसाशी गप्पा मारत मारतच तर ती सगळं शिकली.

"माझी पहिली रेघ कशी होती, आण्णा?"

"बैल मुतल्यागत. खेळायला आलेलं पावनं हसलं. मी म्हटलं, आमचं मैदानच तसं हाय."

तिला रडू कोसळतं. "मी पायानं पुसली, आण्णा. तिच्या लेकीदेखत."

आण्णा तिची समजूत घालत नाहीत. सुतळीचं टोक तिच्या बोटाला गुंडाळतात. पिठाच्या धुरळ्यात पलीकडून कुणीतरी सुतळी ताणतं. कोण ते दिसत नाही.

"धर. सैल सोडू नको."

ती धरते. सुतळी बोटात रुतते, तरी धरते.

जाग येते तेव्हा चटईवर ऊन आलेलं असतं. तर्जनीभोवती लालभडक वळ, सुतळीच्या पिळासकट. घरात सुतळी नाही.

ती रेश्माला फोन लावते. लेक उचलते.

"अम्मी हाय का गं?"

पलीकडे कुजबुज होते. "अम्मी म्हणती, ती घरात न्हाई."

"बरं. तिला सांग, खिळा सैल होता. चूक माझी होती. उद्या रेघ तीच मारंल, मी टोक धरून बसते."

मग पोरगी विचारते, "आणि तुमी परत पुसली तर?"

बोट ठणकत असतं.

"तर तू मला बाद कर," कुमुद म्हणते.