देवराव टेलरचे बाण

देवराव हबकले. हातातला बाण तीनदा फिरवून पाहिला, चष्मा पुसून चौथ्यांदा पाहिला. डोळ्यांवर विश्वासच बसेना.

राजापेठेत चाळीस वर्षं शिलाई केलेला हा माणूस. नात दीक्षा बांबूच्या धनुष्यावर तिरंदाजी शिकू लागली, तेव्हा तिच्या बाणांना पिसं लावायचं काम त्यांनी हौसेनं अंगावर घेतलं. अचलपूरजवळून टर्कीची पिसं आणली आणि कात्री चालवली. बाण भरकटू लागले तसे आकार बदलले. आधी लांबट, मग पानासारखा, मग तिरपा, शेवटी अर्धचंद्र. घरभर पिसं उडाली, बायको इंदूबाईंची बोलणी खाल्ली, पण बाण काही सुधारेनात.

आकारात खोट नाही म्हणजे ती पोरीतच, असं म्हाताऱ्यानं ठरवूनच टाकलं. "तुहा हात थरथरते," असं महिनाभर तिला ऐकवलं. रविवारी अकोल्याला निवड चाचणी होती.

डझनातला एकच बाण मात्र नेहमी नेमका जायचा. आज दुपारी तो त्यांनी मशीनच्या दिव्याखाली धरला. त्याची तिन्ही पिसं एकाच बाजूला वळलेली. बाकी प्रत्येक बाणावर दोन एकीकडे, तिसरं उलट! डाव्या आणि उजव्या पंखाची पिसं त्यांनी एकाच बाणावर चिकटवली होती. टेलरची खोड, दुसरं काय? डावी बाही, उजवी बाही, जोडीनंच कापायची, जोडीनंच लावायची. दोन पिसं बाणाला इकडे फिरवणार, तिसरं तिकडे, मग तो बिचारा सरळ जाणार कसा? त्या एका बाणाच्या वेळी डावी पिसं संपली होती, म्हणून तेवढा वाचला.

दीक्षा शाळेतून आली तशी त्यांनी तिला दारातच गाठलं.

"पोरी, तुह्या हातात काईच खोट नाई. मीच पिसं उलटीसुलटी लावली. रविवारपर्यंत सारे बाण नवे करून देतो!"

दप्तर खांद्यावरून उतरवायचंही दीक्षाला सुचेना.

"आबा, मी काल सरायले सांगतलं, माह्या जागी करिश्माले घ्या म्हणून. यादी सकाळीच अकोल्याले गेली."

देवराव उंबऱ्यावरच बसले.

"अवं, पण कावून? मले एकदा इचारायचं तरी!"

"तुमाले काय इचारू, आबा? तुमी म्हणता म्हंजे खरंच असन."