चौथ्याआधी पाचवं

काळुराम भोईरांची आणि माझी ओळख झाली तेव्हा त्यांच्या तोंडात कापूस होता. ठाण्यात नौपाड्याला माझा दातांचा दवाखाना आहे, आणि समोरच्याला बोलता येत नसलं की मी फार बोलते, अशी माझी ख्याती आहे. केसपेपरवर त्यांनी ‘निवृत्त सिनेमा ऑपरेटर, कल्याण’ असं लिहिलं होतं. माझं सगळं लहानपण कल्याणात गेलेलं. मग मी कशाला गप्प बसते? मी सरळ चष्मेवाल्यावर आले.

चष्मेवाला म्हणजे त्या विलायती गुप्तहेराच्या चित्रपटमालिकेतला दुसरा नट. आजवर पाच जण ती भूमिका करून गेले. पहिला देखणा होता, तिसरा नुसता धावायचा, आणि पुढच्या दोघांची नावं मला भाच्याला विचारावी लागतात. पण चष्मेवाल्याचे चार चित्रपट आम्हा कल्याणकरांचे. इंग्रजी नावं कुणाला धड उच्चारता यायची नाहीत, म्हणून आम्ही त्यांना पूलवाला, उंटवाला, बोटवाला आणि बर्फवाला म्हणायचो. उंटवाल्यात चहूबाजूंनी गोळ्या सुटत असताना हा माणूस आधी उंटाला पाणी पाजतो. पूलवाल्यात तो पुलाच्या कठड्यावर उभा राहून शत्रूलाच वेळ विचारतो. मारामारीच्या आधी मात्र एक ठरलेलं. चष्मा काढायचा, रुमालाने सावकाश पुसायचा, परत चढवायचा. रुमाल खिशातून बाहेर आला की थिएटरात शिट्ट्या सुरू व्हायच्या आणि पडद्यावरच्या खलनायकाचं आता काही खरं नाही हे सगळ्यांना कळायचं.

आणि या सगळ्यांच्या वर बर्फवाल्यातला सूपचा प्रसंग. जिवलग मित्रानेच आपल्याला शत्रूला विकलंय हे त्या मित्राच्या पत्रातून चष्मेवाल्याला कळतं. पत्र घडी करून तो खिशात ठेवतो. पुढच्याच दृश्यात तो त्याच मित्राच्या घरी जेवायला. हसतो, जुन्या आठवणी काढतो. सूपच्या वाफेने चष्म्यावर धुकं येतं, तो रुमाल काढतो, आणि आता हा मारणार म्हणून आम्ही सगळे पुढे सरसावतो. तो चष्मा पुसतो, चढवतो आणि मित्राला आणखी एक पळी सूप वाढतो. बस. थिएटरात सुरू झालेली शिट्टी अर्ध्यात थांबली होती. मी सोळा वर्षांची होते. शेजारी बाबा होते, आणि त्यांनी डोळे पुसलेले मी पहिल्यांदा तेव्हा पाहिले. बाबांच्या सख्ख्या भावाने जमिनीच्या कागदांवर त्यांची खोटी सही केली होती. सहा वर्षं बोलणं बंद होतं. त्या रविवारी बाबांनी काकांना जेवायला बोलावलं आणि स्वतःच्या हाताने वाढलं.

हे सगळं मी भोईरांचा दात काढता काढता सांगितलं. वर हेही सांगितलं की आमचं रविवारचं सिनेमा मंडळ यंदा ‘चष्मेवाल्याचे आवडते प्रसंग’ असा कार्यक्रम करतंय, तर प्रसंग तुम्ही निवडा, मशीनवर तुम्ही बसा आणि आम्ही तुमचा सत्कारही करू. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, होकार आहे. कापूस काढल्यावर ते म्हणाले, “डॉक्टर, तो सूपचा प्रसंग पिक्चरमध्ये तसा नाय.”

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी कुणालाच, अगदी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

बर्फवाल्याची एकच प्रिंट दोन ठिकाणी चालायची. आंबिवलीच्या तंबूतला खेळ आधी सुरू व्हायचा. तिथे एक रीळ संपलं की नाथा नावाचा त्यांचा माणूस ते डब्यात घालून राजदूत मोटरसायकलवरून कल्याणला आणायचा. पहिल्या दिवशी तीनच्या खेळाला चौथं आणि पाचवं रीळ एकदमच आलं, कारण जाताना रेल्वेचं फाटक बंद होतं आणि अडकलेला नाथा आंबिवलीला पोचेपर्यंत तिथे दोन्ही संपली होती. काळुरामकाकांनी चार आकड्याचा डबा उघडला आणि आतलं रीळ मशीनवर चढवलं. रिळाच्या तोंडालाही आकडा असतो आणि ऑपरेटरने तो बघायचाच असतो. काका रोज बघायचे. त्या दिवशी घाई झाली. आंबिवलीत डब्यांमधल्या रिळांची अदलाबदल झाली होती.

म्हणजे खऱ्या चित्रपटात जेवण आधी आहे. चष्मेवाल्याला तेव्हा काहीच ठाऊक नाही. तो मनापासून हसतोय, चष्मा पुसतोय तो निव्वळ वाफेमुळे, आणि सूप वाढतोय ते मित्र आहे म्हणून. पत्र त्याच्या हाती नंतर पडतं. काकांनी पाचवं आधी लावलं आणि साध्या जेवणाचं हे असं झालं. पुढे कधी टीव्हीवर मी तो चित्रपट बघितला तेव्हा सूपचा प्रसंग भलत्याच जागी आला. टीव्हीवाल्यांनी नेहमीसारखी कापाकापी केली म्हणून मी त्यांच्याच नावाने बोटं मोडली होती.

पण चूक एवढ्यावर संपली असती तर काकांनी ती पोटात घेऊन वागवली नसती. पाचव्यानंतर चौथं लावताना त्यांच्या ध्यानात आलं होतं. खोलीच्या छोट्या खिडकीतून त्यांनी खाली पाहिलं. आठशे माणसं श्वास धरून बसली होती. दुसऱ्या दिवशी दोन्ही डबे वेळेत आणि बरोबर आले, आकडेही बरोबर होते, आणि काकांनी जाणूनबुजून पाचवंच आधी लावलं. पूर्ण तीन आठवडे.

मला तर हसूच आलं. पण समोर बसलेल्या माणसाला हसू येत नव्हतं. ठाण्यातल्याच माजिवड्याच्या या भोईरांची घरची शेती होती. पुढे तिथे रस्ते आले, इमारती आल्या, भाऊबंदांनी गाड्या घेतल्या. काळुराम मात्र एकतीस वर्षं रोज कल्याणला जाऊन त्या गरम खोलीत उभे राहिले. वडील म्हणायचे, हा उजेड सोडून अंधारात बसायला जातो. घरच्यांपुढे ठेवायला काकांकडे एकच गोष्ट होती, की आपल्या हातून खेळ थांबून पडदा कधी पांढरा पडला नाही. थिएटर बंद झालं तेव्हा मालकाने पितळी पाटी दिली. तिच्यावर ‘बिनचूक सेवा’ असं कोरलंय आणि ती दिवाणखान्यात लावलीय. “ते दोन शब्द मी रोज वाचतो,” काका म्हणाले.

मी त्यांना शहाणपण शिकवलं. म्हटलं, कुणाला कळतंय? माझा भाचा शौनक कॉम्प्युटरवर तुकडे मागेपुढे करून देईल, लोक खूश होतील, तुमची पाटी जागेवर राहील. नाही तर तो प्रसंग वगळून टाका. काका म्हणाले, “एकदा फसवलं. आता पाया पडायला येतील त्यांना परत फसवू?” आणि उठून गेले. दाताचे पैसे द्यायलाही विसरले, ते दुसऱ्या दिवशी मुलाबरोबर, हितेशबरोबर, पाठवले. सोबत चिठ्ठी होती. ‘येतो. निवड मीच करणार.’

कार्यक्रम रविवारी चार वाजता होता. कल्याण-डोंबिवलीहून दीडशे माणसं आली, बहुतेक साठीच्या पुढची. काका पांढऱ्या शर्टात, शेवटच्या रांगेमागे टेबलावर मशीन आणि कॉम्प्युटर मांडून बसले. शेजारी त्यांच्या पत्नी तुळसाकाकू, नवी साडी नेसून. उंटाला लोकांनी टाळ्या दिल्या, पुलाला शिट्ट्या. रुमाल बाहेर यायच्या आधी काका आवाज किंचित वाढवायचे. ही त्यांची जुनी सवय, मला आताच कळली. मग बर्फवाला आला. काकांनी तो जसा आहे तसा लावला. आधी जेवण, मग पत्र.

सभागृहात चुळबूळ सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, हे ते नाही. माझ्या मागच्या गोपीनाथ नावाच्या गृहस्थांनी तर चढ्या आवाजात सांगितलं, की नव्या लोकांनी वाट लावलीय, आमच्या वेळी असं नव्हतं. काकांनी चित्र थांबवलं आणि ते उभे राहिले. माईक घेतला नाही.

“पिक्चर असाच आहे,” ते म्हणाले. “तुमच्या वेळी चुकीचा होता. चूक माझी. पहिल्या दिवशी चुकून, आणि नंतर वीस दिवस मुद्दाम. मना ते तसंच बरं वाटलं.”

नाथा, डबे, आकडे, सगळं त्यांनी पाच मिनिटांत सांगून टाकलं. कुठेही स्वतःला वाचवलं नाही, नाथालाही दोष दिला नाही. तुळसाकाकू त्यांच्याकडे बघत होत्या. मी स्वतःला दूषणं देत होते, की या माणसाला मी कुठे आणून उभं केलं.

गोपीनाथ उठले. चढा आवाज उतरला होता. म्हणाले, “मग आम्हाला आमचा दाखवा की.”

काका खाली बसले. त्यांनी पत्राचा प्रसंग लावला, तो संपला तसा जेवणाचा. चष्मेवाला हसला, आणि त्या हसण्याचा अर्थ दीडशे माणसांना आधीच ठाऊक होता. वाफ आली. रुमाल निघाला. कुणी शिट्टी वाजवली नाही. तो पळीभर सूप वाढत होता तेव्हा मला बाबांचा हात दिसला, त्या रविवारी आपल्या भावाच्या पानात आमटी वाढणारा. मी रडले. त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

प्रसंग संपला. टाळ्या झाल्या नाहीत. माणसं एकेक करत खुर्चीत मागे वळली आणि पडद्याकडे पाठ करून बघत राहिली. काळुरामकाकांच्या जन्मात प्रेक्षक मागे वळायचे ते एकाच कारणासाठी, चित्र अडकलं किंवा आवाज गेला की ऑपरेटरला शिव्या घालायला. त्यांचा हात झटकन मशीनकडे गेला आणि ते घाईघाईने तारा चाचपू लागले.

तुळसाकाकूंनी त्यांचा हात धरला.

“काय नाय बिघडलं,” त्या म्हणाल्या. “तुमानाच बघतान ते.”