अद्रक म्हणून हसलो ते गवत

चाचाच्या वावरात ते गवत मी घुसवलं. मीच. आधी हे सांगून टाकते, नाहीतर पुढचं लिहिताना पुन्हा दुसऱ्यावर ढकलीन.

चांदूर रेल्वेजवळ आमचं वावर, अन् धुऱ्याला धुरा, बांधाला बांध लागून शेजारच्या चाचाचं. मी तेव्हा शेतीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला, डोक्यात नुसते व्हिडिओ. कापसानं सगळे वैतागले होते, अन् नांदगाव पेठेकडं गवतापासून इंधन करायचा कारखाना येणार अशी हवा होती. मी परतवाड्याहून त्या गवताचे पोतंभर गड्डे आणले, एसटीत पायाशी ठेवून. चाचाच्या अंगणात बसून विळ्यानं तोडून दाखवले. "पाहा चाचा, दर तुकड्याले एक डोळा ठेवाचा. एकाचे दहा होतात!"

चाचा म्हणे, "मले तं अद्रक दिसून राह्यलं बेटा. चायात टाकू का?"

खूप हसलो आम्ही. पण माझ्या शब्दावर त्यांनी धुराभर लावलं.

कारखाना आलाच नाही. गवत आलं, डोक्याच्या वर गेलं, अन् पावसाळ्यात धुरा सोडून सोयाबीनमध्ये शिरलं. सोयाबीन निघाल्यावर चाचानं विचारलं, "आता याचं काय करू?"

"रोटावेटर मारा ना! बारीक होऊन खत होईल."

एकाचे दहा कसे करायचे ते शिकवणारी मीच, अन् सल्ला हा!

त्यांनी उभं-आडवं मारलं, हरभरा पेरला. पंधरा दिवसांनी अख्ख्या वावरात हरभऱ्याआधी तेच कोंब, कोपऱ्या-कोपऱ्यात.

"कावून झालं असं?"

"कुंदा असंल चाचा. ते तण जमिनीत आधीचंच."

"कुंदा असा नसते ना... पण तू शिकलेली, तुलेच मालूम."

मग दर रविवारी मी कुदळ घेऊन जायला लागले. चाचा रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून सांगायचे, "पाहा, दुसऱ्याच्या वावरातला कुंदा खोदून राह्यली पोरगी! आहे का कोणाची अशी?" माझी मान वर व्हायची नाही.

चौथ्या रविवारी त्यांनी एक तुकडा मातीतून उचलला, अंगठ्यानं पुसला. त्याला एक डोळा होता.

"चाचा, हा कुंदा नाही."

"मंग?"

"अद्रक," मी म्हटलं.

या खेपेला चाचा हसले नाहीत. तुकडा पोत्यात टाकला अन् माझ्याकडं न पाहता म्हणाले, "खोल खोद. वरवर नको."